डुकरांच्या शेडमध्ये पाय ठेवलाय का? ठेवलाय!

‘एक पशुपालक’ या नावाने लिहिणारे दादा,

डुकरं गाडीतून आणायची तर आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून ती निरोगी असल्याचा दाखला घ्या, असं मी लेखात म्हटलं. त्याखाली तुम्ही लिहिलंत : ‘दोन पिल्लं छोटा हत्तीत टाकून आणायला दाखला कसला मागता? कधी डुकरांच्या शेडमध्ये पाय ठेवलाय का?’ पहिला प्रश्न रास्त. दुसरा मात्र झोंबला, आणि तो नाव लपवून विचारलात म्हणून जास्त झोंबला.

तुमचं बरोबर ते आधी मान्य करतो. गाडीत एका डुकराला ०.६ चौरस मीटर जागा लागते, माझ्याकडून ६ पडलं. दुरुस्त केलंय.

आता शेड. आमच्याकडे डुकरं माझ्या जन्माआधीपासून आहेत. दप्तराला वास येतो म्हणून शाळेत मला शेवटच्या बाकावर बसवायचे. पुढे मी स्वतः बाजारातून यॉर्कशायर जातीची दोन पिल्लं आणली. व्यापारी म्हणाला, लसी झाल्यात. कागद मागितला नाही. दोनच तर होती! तुकतुकीत दिसत होती, त्याच संध्याकाळी बाकीच्यांत सोडली. पंधरा दिवसांत एकोणीसपैकी चार उरली. खड्डा मी खणला, चुना मी टाकला. त्यातली एक मादी गाभण होती. आणखी कुठे पाय ठेवायचा, सांगा.

ते एकट्या माझं नुकसान होतं. आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या जीवघेण्या साथीचं तसं नाही. २०२० मध्ये हा रोग आसामात आणि अरुणाचलात सापडला, जुलै २०२२ मध्ये केरळातल्या वायनाडमध्ये. त्यावर आपल्याकडे लस नाही. रोग सापडला की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारतात, धडधाकटसुद्धा. दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. म्हणजे तुमच्या दोन पिल्लांपायी शेजाऱ्याचं शेड रिकामं. रोग अंगात मुरत असेल तर डॉक्टरांनाही दिसत नाही, हे मला कळतं. पण कागद असला तर पिल्लं कुठल्या शेडवरून आली एवढं तरी सापडतं. माझ्या व्यापाऱ्याचा तर फोनही पुन्हा लागला नाही.

रोग गाडीपेक्षा हॉटेलच्या खरकट्यातून जास्त येतो, यावर मी अवाक्षर काढलं नाही म्हणता. तो वेगळा विषय आहे, त्यात शिरत नाही. (खरकटं मीही घालतो. उकळून.) दवाखान्यात डॉक्टर भेटत नाहीत म्हणता, आमच्याकडे फोन केला की येतात.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा. नाहीतर सरळ शेडवरच या. फक्त तुमच्या डुकरांतून थेट येऊ नका, आणि चपला फाटकाबाहेर काढा.