‘जितकी टेंडन्स तितके कोड’? आधी ऑपरेटिव्ह नोट वाचा

अमेरिकन हॉस्पिटलांचं कोडिंग (बिलासाठी उपचारांना ठरलेले नंबर देणं) करणाऱ्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत एक मेसेज फिरतोय. घोट्याच्या सर्जरीत जितकी टेंडन्स (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) तितके कोड लावा, एडिट (दोन कोड एकत्र लावायला रोखणारा नियम) आडवं आलं तर 59 हा मॉडिफायर (‘हे काम वेगळं’ सांगणारी कोडपुढची खूण) मारा, पहिलं ऑपरेशन म्हणजे प्रायमरी, दुसरं म्हणजे सेकंडरी, आणि आयसीडीचं (आजार-इजेच्या कोडचं) सातवं अक्षर ‘ए’ फक्त पहिल्या व्हिजिटला. नवीन मुलं हे पाठ करून प्रॉडक्शनला बसतात, म्हणून हा खटाटोप.

पहिला मुद्दा अर्धाच खरा. 27658 (पायाचं टेंडन शिवण्याचा कोड) च्या वर्णनात ‘प्रत्येक टेंडन’ असंच लिहिलंय. घोट्याच्या बाहेरच्या बाजूची पेरोनियस ब्रेव्हिस आणि लाँगस ही टेंडन्स दोन्ही फाटली, दोन्ही शिवली, तर दोन युनिट घ्या. पण जागेवरून सरकणाऱ्या पेरोनियल टेंडन्सचा 27675 बघा. तिथे वर्णनातच अनेकवचन आहे. टेंडन्स दोन, कोड एकदाच.

खरा घोळ 59 चा. ऑपरेटिव्ह नोटमध्ये (सर्जनने लिहिलेल्या ऑपरेशनच्या नोंदीत) असतं: ब्रेव्हिस भोवती चिकटलं होतं, ते मोकळं केलं, खराब भाग काढला, उरलेलं शिवलं. मेसेजप्रमाणे 27658 आणि सोबत टेनोलिसिसचा (टेंडन मोकळं करण्याचा) 27680, वर 59. अहो, मोकळं केल्याशिवाय शिवणार कसं? उसवलेली बाही शिवताना जुने दोरे काढल्याचे शिंपी वेगळे पैसे घेतो का? 59 लागतो तो वेगळी जागा, वेगळा छेद किंवा वेगळं सेशन असेल तेव्हा. त्याच भागातली लगतची रचना म्हणजे सहसा वेगळी जागा नव्हे, हे एनसीसीआयच्या (ही एडिट्स ठरवणाऱ्या अमेरिकी सरकारी नियमांच्या) मॅन्युअलमध्येच आहे. ‘पण आमचा क्लेम पास झाला,’ असं कुणीतरी म्हणतंच. झाला असेल, ऑडिटर नोट मागवतो तेव्हा पैसे परत जातात.

प्रायमरी-सेकंडरीचा ऑपरेशनच्या नंबराशी संबंध नाही. बास्केटबॉल खेळताना टाचेमागे ‘टक’ झालं, मुरगळलं समजून माणूस चार महिने लंगडला, मग अकिलीस (टाचेमागचं टेंडन) शिवलं: आयुष्यातलं पहिलंच ऑपरेशन, तरी सेकंडरीचा 27654. ताजं फाटलेलं लगेच शिवलं तर प्रायमरीचा 27650, त्यात ग्राफ्ट (दुसरीकडून घेतलेला तुकडा) घातला तर 27652. ग्राफ्ट शरीरातून काढून घेणं त्यातच धरलंय, त्यासाठी 20924 वेगळा नाही. उलट पायाचा अंगठा वाकवणारं एफएचएल टेंडन टाचेत वळवलं असेल तर 27691 हा हक्काचा कोड, आणि नेमका तोच राहून जातो!

सातवं अक्षर ‘ए’ म्हणजे उपचार चालू आहेत. तिसऱ्या व्हिजिटला, दुसऱ्याच सर्जनने ऑपरेशन केलं तरी एस86.011 (उजव्या अकिलीसच्या इजेचा कोड) पुढे ‘ए’च. नंतरच्या नेहमीच्या तपासण्यांना ‘डी’.

मेसेजच्या शेवटी स्प्लिंटचा (पाय स्थिर ठेवणाऱ्या आधाराचा) 29515 पण जोडलाय. ऑपरेशन टेबलावरच बांधलेला पहिला स्प्लिंट सर्जरीतच मोजलेला असतो. तो कोड खोडा.