दोन स्टार देणाऱ्या सरांना दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढल्यावर वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरांनी आमच्याकडून १,८५० रुपयांची पॉकेट होल जिग (फळ्या जोडायला स्क्रूचं तिरपं भोक पाडायचा साचा) नेली आणि पहिल्याच शेल्फला स्क्रूचं टोक बाजूच्या फळीतून आरपार आलं. तशीच जिग गावच्या वाढईने बाभळीच्या तुकड्यातून फुकटात करून दिली, म्हणून आम्ही लुटारू. शिवाय क्रॉसकट स्लेड (करवतीच्या टेबलावर लाकूड काटकोनात कापायची सरकती पाटी) मागितली तर मालक "घरीच बनवा" म्हणाला, म्हणून उर्मटही.

पहिली तक्रार खरी आहे आणि चूक आमची आहे. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. फळी १२ मिमीची दिसते आणि स्क्रू ३२ मिमीचा आहे. पॉकेट होलमध्ये स्क्रूचा साधारण निम्मा भाग दुसऱ्या फळीत जातो, म्हणजे १६ मिमी. १२ च्या फळीत १६ मिमी शिरल्यावर टोक बाहेर येणारच. १२ ला २५ मिमीचा स्क्रू लागतो, आणि ड्रिलवरची कॉलर (भोक किती खोल जायचं ते ठरवणारी कडी) व जिगची खूण दोन्ही १२ वर आणावी लागतात. तुमच्या डब्यातली कॉलर १८ वरच बसवलेली होती. "कितीची प्लाय वापरता?" हा एक प्रश्न आमच्या पोट्ट्याने विचारायला पाहिजे होता. तो त्याने विचारला नाही आणि गल्ल्यावर बसून मीही विचारला नाही. दिवाळी होऊन झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागला होता, नाटक मंडळ्यांचे लोक सेटच्या फ्रेमांसाठी खिळे-स्क्रू न्यायला उभे होते, वडशात त्या दिवसांत काय गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. पण गर्दी होती हे काही कारण झालं नाही.

आता वाढईकाकांच्या बाभळीच्या ठोकळ्याबद्दल. काकांना मी लहानपणापासून ओळखतो, त्यांचे पटाशी-रंधे आमच्याच दुकानातून जातात. जिग हा शब्द आपल्याकडे आता आला, पण वस्तू नवी नाही. काका तिला फर्मा म्हणतात. बैलगाडीच्या चाकाच्या घेराचे लाकडी तुकडे, म्हणजे पुठ्ठे, सगळे एकाच गोलाईचे निघावेत म्हणून त्यांच्या वडिलांचा फर्मा अजून भिंतीला खिळ्यावर टांगलेला आहे. फर्मा कोणी दुकानातून विकत आणत नव्हतं, हे मीही मानतो. पण त्या फर्म्यावर पेन्सिल फिरते सर, ड्रिल फिरत नाही. पॉकेट होलचं ड्रिल ९.५ मिमीचं असतं आणि १५ अंशाच्या तिरप्या भोकात फिरताना दर वेळी भोकाच्या कडेला घासतं. बाभूळ कितीही कडक असली तरी बरीच भोकं पाडल्यावर ते तोंड लांबट होतं, ड्रिल डुगडुगायला लागतं आणि स्क्रू कुठेही निघतो. विकतच्या जिगमध्ये तुम्ही पैसे मोजता ते आतल्या पाणी दिलेल्या स्टीलच्या बुशचे, म्हणजे ड्रिल ज्यातून जातं त्या नळ्यांचे. वरचं ॲल्युमिनियम नुसतं त्यांना धरून ठेवतं. काकांचा ठोकळा फेकू नका. लेथवाल्याकडून त्याच्यात दोन बुश बसवून घ्या. साध्या लोखंडाचे असले तरी घरच्या एका कपाटाला पुरतील. हे मी तुम्हाला जिग विकण्याआधी सांगायला पाहिजे होतं का? कदाचित हो. पण तुम्ही जिग हातात घेऊनच गल्ल्यावर आला होता.

स्लेडचं मात्र मी आजही तेच सांगेन. विकली म्हणून लुटारू आणि विकली नाही म्हणून उर्मट, एकाच रिव्ह्यूत दोन्ही कसं जमवलं सर? राग मानू नका, वाचून हसू आलं.

तयार स्लेड मी मुद्दाम ठेवत नाही. तिची पट्टी १९ मिमीच्या खाचेसाठी बनवलेली असते. तुमच्या करवतीच्या टेबलाला खाच आहे, पण ती वेल्डरने त्याच्या मनाने पाडलेली, असं तुम्हीच सांगितलं होतं. लोखंडाची पट्टी टाकावी तर बाजारात २० मिमीची फ्लॅट मिळते, म्हणजे ती घासत बसा. तीन-चार हजारांची स्लेड घरी नेऊन ती बसली नसती, तर तुम्ही एकच स्टार दिला असता.

घरी बनवायला काय लागतं? १२ मिमी प्लायचा दोन बाय दोन फुटी तुकडा, समोर-मागे दोन सरळ फळ्या आणि खाचेत सरकणारी एक पट्टी. पट्टी सागवानाची घ्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान २०२३ साली बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिराला गेलं, आपल्याला पट्टीभर नक्की मिळेल. तुकडा मुरलेला पाहिजे आणि टोकाकडून पाहिल्यावर त्याच्या शिरा उभ्या दिसल्या पाहिजेत. अशी पट्टी रुंदीला कमी फुगते. मी माझी पहिली स्लेड मे महिन्यात केली, तीही हाताला लागेल त्या लाकडाची. उन्हाळ्यात लोण्यासारखी सरकायची. आषाढात अशी अडकली की हातोडीने बाहेर काढावी लागली. तेव्हापासून पट्टी रंध्याने जराशी सैल करतो आणि वर मेणबत्ती घासतो.

काटकोन मात्र गुण्या लावून पाहू नका, गुण्याच चुकीचा असू शकतो. मागच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या, फळीला एका टोकाला एकच स्क्रू मारा आणि दुसरं टोक क्लॅम्पने धरा. मग एक चौकोनी तुकडा घेऊन नुकतीच कापलेली बाजू फळीला टेकवत चारही बाजू कापा. पाचव्या कापात पहिल्या बाजूची बोटभर पट्टी काढा आणि तिची दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजा. चारही कोपऱ्यांची चूक त्यात साठून येते, म्हणून फरकाला चारने भागायचं. टोकांत १ मिमी फरक आला तर एका कापात, त्या पट्टीच्या लांबीला, पाव मिमी चूक झाली. स्क्रूपासून क्लॅम्पपर्यंतचं अंतर पट्टीच्या जितकं पट, तितक्या पटीने सैल टोक सरकवा, पुन्हा कापा. दोन-तीन वेळा करावं लागतं, कंटाळू नका. आणि पातं मागच्या फळीतून जिथे बाहेर येतं तिथे लाकडाचा जाड ठोकळा ठोकून ठेवा, नाहीतर एक दिवस अंगठा तिथे जातो.

माझा हिशोब एवढाच असतो. ज्या भोकातून ड्रिल फिरतं ती वस्तू विकत घ्यावी, ज्याच्यावर लाकूड सरकतं ती घरी करावी. याला अपवाद आहेत. ड्रॉवरच्या हॅन्डलच्या भोकांचा, ९६ किंवा १२८ मिमी अंतराचा, फर्माच बघा, त्यात ड्रिल फिरतं, पण घरात असतात किती ड्रॉवर? प्लायच्या चिंधीतून करा, भोक लांबट होईपर्यंत काम संपलेलं असेल. तो मी कोणालाच विकत नाही.

तुमच्यासाठी २५ मिमीच्या स्क्रूचं एक पाकीट बाजूला काढून ठेवलं आहे, त्याचे पैसे नाहीत. जिग परत करायची असेल तर वापरलेली असली तरी पूर्ण पैसे देतो. आरपार गेलेली फळीही आणा, त्याच प्लायच्या पापुद्र्याने भोक बुजवून देतो, सहज कोणाला दिसणार नाही. आता प्रत्येक जिगच्या डब्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवतो: कितीच्या प्लायला किती मिमी स्क्रू, कॉलर कुठे. तीही तुमच्यामुळेच.

बाजाराच्या दिवशी तेवढं येऊ नका, बोलायला वेळ मिळत नाही. येताना टेबलाच्या खाचेची रुंदी तीन ठिकाणी मोजून आणा, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. वेल्डरची खाच आहे, तिन्ही मापं सारखी येतील असं मला वाटत नाही. सर्वांत कमी येईल त्या मापाची पट्टी रंधून देतो.