कॉमन मॅनला घोषणा द्यायला लावणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणीपट्टी वाढल्याचा निषेध करणारे एक चित्र आले. त्यात व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन मूठ आवळून, तोंड वासून उभा होता आणि त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात तीन उद्गारचिन्हांची घोषणा होती. चौकड्याचा कोट तोच, धोतर तेच, चष्माही तोच. चित्र अर्थातच एआयकडून करवून घेतलेले होते आणि खाली अंगठ्यांची रांग लागली होती. हा माणूस कधी बोलत नाही, एवढेच मी लिहिले, तर उत्तर आले, ‘काका, आता तरी बोलू द्या त्याला!’ तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे लिहितो आहे.

कॉमन मॅनचे गप्प राहणे हा योगायोग नव्हता. सुरुवातीच्या काळात लक्ष्मण देशातला सामान्य माणूस दाखवायचा म्हणून बंगाली, तमिळ, पंजाबी अशी निरनिराळ्या प्रांतांची माणसे चित्रात भरत असत. रोजच्या घाईत त्यातला एकेक जण गळत गेला आणि शेवटी हा टकला, कानांमागे केसांचे झुपके असलेला म्हातारा उरला. 1951 पासून तो टाइम्स ऑफ इंडियात रोज येऊ लागला. मंत्री बोलायचे, बाबू बोलायचे, त्याची बायको तर कोणालाच ऐकून घ्यायची नाही. हा मात्र कोपऱ्यात उभा राहून सगळे पाहायचा. त्या पाहण्यातच चित्राची सगळी धार होती. पाच दशकांहून अधिक काळ ज्याने हे पात्र हाताने काढले, त्याला ते काय करते याहून ते काय करणार नाही हे अधिक नेमके ठाऊक असते. माझे म्हणणे एवढेच आहे.

हे मला प्रथम कळले ते माझ्या मामाकडून. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तो बोर्ड पेंटर होता आणि तिथल्या एका रंगाच्या दुकानदाराने त्याला बाजूच्या भिंतीवर गट्टू काढायला सांगितले होते. गट्टू म्हणजे एशियन पेंट्सचा, कपाळावर केसांची बट आलेला, हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला खोडकर पोरगा. 1954 मध्ये तोही लक्ष्मणांच्याच हातून उतरला होता. मामाने कंपनीच्या पत्रकावर पेन्सिलीने चौकोन आखले, तेच चौकोन खडूने भिंतीवर मोठे केले आणि एकेक चौकोन भरत गेला. कपाळावरची बट त्याने सर्वांत शेवटी काढली. त्यासाठी तो शिडीवरून तीनतीनदा खाली उतरून, रस्त्यापलीकडे जाऊन डोळे बारीक करून पाहत होता.

दुकानदाराला गिऱ्हाइकांचे स्वागत करणारा, हात जोडलेला गट्टू हवा होता. मामाने ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि म्हणाला, ‘शेठ, हे पोरगं नमस्कार करणाऱ्यातलं नाही. ते खोड्या करतं.’ खाली स्वतःचे नाव टाकायलाही त्याने नकार दिला, कारण पोरगे लक्ष्मणांचे होते, याने फक्त भिंतीवर उतरवले होते. एरवी पैशांसाठी काहीही रंगवणारा हा माणूस त्या दिवशी जोडलेल्या हातांवरून अडून बसला. शेवटी दुकानदाराने दुसऱ्या पेंटरकडून ते हात जोडून घेतलेच, आणि गट्टू वर्गात मार खाऊन आल्यासारखा दिसू लागला.

आता कोणी म्हणेल की, पात्रे कंपनीची आणि वर्तमानपत्राची असतात, चित्रकाराला मोबदला मिळालेला असतो. कायद्याने असेल तसे. गट्टूला कंपनीने या शतकाच्या सुरुवातीला निवृत्त केले, तो तिचा हक्कच होता. कोणी हेही म्हणेल की, कॉमन मॅन एअर डेक्कन या विमान कंपनीच्या जाहिरातींतही होताच की. होता, पण लक्ष्मणांच्या संमतीने होता. बापाने पोराला कामावर धाडणे वेगळे आणि शेजाऱ्याने त्याला परस्पर मोर्चात उभे करणे वेगळे.

खरे तर मघाशी मी फारच चिडून लिहायला बसलो होतो. चित्र पाठवणारा मुलगा सज्जन आहे, आणि पाणीपट्टीबद्दलचे त्याचे म्हणणेही बरोबर आहे. त्याने कॉमन मॅन बहुधा वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या पुतळ्यात किंवा पुण्यात सिंबायोसिसच्या आवारातच पाहिला असेल. रोज सकाळी पहिल्या पानावर त्याला शोधण्याची सवय त्याच्या पिढीला लागलीच नाही, यात त्याचा काय दोष? 2003 मध्ये पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडल्यावरही लक्ष्मणांनी चित्रे काढणे सोडले नाही, आणि 2015 च्या जानेवारीत ते गेले तेव्हा अंत्यदर्शनासाठी त्यांचे पार्थिव सिंबायोसिसच्या आवारात त्या पुतळ्यापाशीच ठेवले होते, हे त्याला कोणी सांगितलेही नसेल.

पण एवढे लिहून मी पुन्हा ग्रुप उघडला, तर आणखी एकाने त्याच कॉमन मॅनला गॉगल लावून नाचवले होते. माझ्या मामाचे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्याला भिंतीवरच्या जाहिरातीतल्या पोराचा स्वभाव कळत होता, आणि इथे इंजिनिअरांनी भरलेल्या ग्रुपला कळत नाही. ज्यांना घोषणा देणारा, नाचणारा माणूस हवा आहे त्यांनी स्वतःचा एक काढावा, त्याला नाव द्यावे आणि रोज सकाळी कोऱ्या कागदासमोर बसून वीस वर्षे तरी त्याला सांभाळावे. मग त्याला काय वाटेल ते बोलायला लावा, मी एका शब्दाने अडवणार नाही.