‘मुलींवर तांत्रिक शिक्षण वाया जातं’ म्हणणाऱ्यांना मुद्देसूद उत्तर

वंचित घरांतल्या मुलींना वेल्डिंग, फिटिंग, वायरिंग, सोलर असली कामं शिकवण्याचा विषय निघाला की एक ठरावीक मजकूर या ना त्या रूपात फिरू लागतो. थोडक्यात तो असा: यंत्राच्या कामाला ताकद लागते, ती मुलींकडे नसते. निम्म्या मुली कोर्स अर्धवट सोडतात. उरलेल्यांची लग्नं होतात. शिवणकाम, ब्युटिशियन शिकवलं तर निदान घरबसल्या चार पैसे मिळवतील. जिला खरंच शिकायचंय ती मोबाइलवरही शिकते. आणि एवढं करून त्यांना नोकरी देणार कोण? मजकुराचा सूर काळजीचा असतो, म्हणून चांगली माणसंही तो पुढे ढकलतात. यातला एक मुद्दा निम्मा खरा आहे, तो शेवटी घेऊ. बाकीचे ओळीने.

‘ताकद लागते’

आधी हिशेब. 12 मिलिमीटरचा 8.8 ग्रेडचा (हा मजबुतीचा दर्जा) बोल्ट नीट आवळायला साधारण 80 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. 20 सेंटिमीटरच्या पान्याने तो द्यायचा तर टोकाला 400 न्यूटन, म्हणजे सुमारे 40 किलोचा जोर लावावा लागेल. पाना 50 सेंटिमीटरचा घेतला की तेच काम 16 किलोच्या जोरात होतं. आखूड पान्याला लोंबकळणाऱ्या मुलाचं कौतुक होतं, पण त्याने हत्यारच चुकीचं निवडलेलं असतं. पाना सटकला तर बोटं सोलवटतात, आणि अंदाजाने आवळलेला बोल्ट एक तर सैल राहतो नाहीतर ताणून तुटतो. म्हणून टॉर्क रेंच वापरायचा: आकडा लावायचा, क्लिक वाजला की थांबायचं. वजनाचंही तेच. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही 23 किलोच्या वर जात नाही. ओझं अंगापासून लांब असलं किंवा कंबर वळवावी लागली की मर्यादा आणखी खाली येते. बाईची मर्यादा वेगळी, पुरुषाची वेगळी अशी भानगड त्यात नाही. त्यापुढच्या वजनाला चेन ब्लॉक (साखळीची कप्पी), ट्रॉली किंवा दुसरा माणूस. ‘आमची पोरं उचलतात की’ म्हणणाऱ्या वर्कशॉपातली पोरं चाळिशीत कमरेला पट्टा बांधून फिरतात.

वेल्डिंगमध्ये तर ताकदीचा प्रश्न जवळपास नसतोच. 3.15 मिलिमीटर जाडीच्या, 6013 प्रकारच्या वेल्डिंग रॉडला साधारण 90 ते 130 अँपिअर करंट लागतो आणि आर्कची, म्हणजे रॉडचं टोक आणि धातू यांच्यामधल्या प्रखर ठिणगीची, लांबी रॉडच्या जाडीइतकी, तीनेक मिलिमीटर, ठेवायची असते. करंट कमी पडला की रॉड चिकटतो. आर्क लांबला की शिंतोडे उडतात, जोडात पोकळ्या राहतात. रॉड जळून आखूड होत असताना हे अंतर राखत राहायचं. त्याला मनगट स्थिर लागतं, दंड नाही.

मग ‘मुलींचा रॉड फार चिकटतो’ ही तक्रार कुठून येते? आधी मशीनवरचा करंट बघा, मग तिचे हातमोजे. आठ नंबरच्या हातात अकरा नंबरचे चामडी मोजे दिले की बोटांची टोकं रिकामी दुमडतात आणि होल्डर पकडीतच बसत नाही. हेल्मेटचा पट्टा शेवटच्या खाचेपर्यंत आवळूनही घसरत असेल तर ती मान वर करून खालच्या फटीतून बघते, आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. दुसऱ्या दिवशी गैरहजर. हजेरीपटावर कारण काय लिहिलं जातं? ‘आवड नाही.’ मोजे सात-आठ नंबरचे आणि हेल्मेटचा पट्टा लहान डोक्याला बसणारा मागवला की तक्रार बरीचशी संपते. (मोजे वेल्डिंगपुरतेच. ड्रिल मशीन, लेथ अशा फिरत्या यंत्रावर कुणीच मोजे घालायचे नाहीत. सैल कपडा आणि मोकळे केसही नकोत.)

फिटरच्या बेंचवर हेच दिसतं. उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला व्हाइसचा (वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंज्याचा) जबडा यावा, हा जुना नियम. बेंच उंच माणसाच्या मापाने पक्का बसवलेला असेल तर बुटक्या मुलीचे खांदे वर चढतात, कानस (धातू घासायचं हत्यार) पुढे जाताना डुलते आणि पृष्ठभाग मध्ये फुगीर, कडांना उतरता निघतो. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला की कडेखालून उजेड दिसतो, मार्क कापले जातात. इलाज 10 ते 15 सेंटिमीटर उंचीचा लाकडी चौथरा: एक पाय पुढे, एक मागे टाकून उभं राहता येईल इतका रुंद, वर खरखरीत रबर, खाली डगमग नाही. वर्कशॉपातच अर्ध्या दिवसात तयार होतो, आणि बुटक्या मुलांनाही उपयोगी पडतो.

‘निम्म्या अर्धवट सोडतात’

काही ठिकाणी सोडतात, खरं आहे. पण किती सोडतात यापेक्षा कधी सोडतात हे विचारा. गळती कोर्सभर सारखी पसरलेली नसते. हजेरीपट आठवड्यांनुसार मांडला की ती दोन-तीन ठिकाणी साचलेली दिसते आणि प्रत्येक ठिकाणाचं कारण निराळं असतं.

पहिल्या आठवड्यातली गळती बहुतेक अंतराची. पाकिस्तानातल्या पंजाबात महिलांच्या मोफत प्रशिक्षणाचा प्रयोग झाला. केंद्र गावाबाहेर जेमतेम काही किलोमीटर असलं, तरी नाव नोंदवून कोर्स पुरा करण्याची शक्यता गावातल्या गावात शिकणाऱ्या बायकांच्या मानाने चौपट कमी दिसली. नुसते पैसे वाढवून हा अडसर स्वस्तात सुटला नाही. सगळ्यांना एकत्र ने-आण करणाऱ्या भरवशाच्या गाडीने बराच सुटला. बिहारमध्ये 2006 पासून नववीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या, तेव्हा कार्तिक मुरलीधरन आणि निशित प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली, मुलगे-मुलींमधली तफावत 40 टक्क्यांनी घटली. सर्वांत जास्त फरक कुठे पडला, तर शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. मुलींची आवड रातोरात वाढली नव्हती, रस्ता आटोक्यात आला होता. तेव्हा वर्गाची वेळ ठरवताना घड्याळाआधी शेवटची गाडी बघा. पाचला सुटणारा वर्ग उन्हाळ्यात चालतो, दिवस लहान झाले की ओस पडतो.

महिनाअखेरची गळती पैशांची. ‘कोर्स मोफत आहे’ म्हणताना जाण्यायेण्याचं भाडं, वही, बूट, बुडालेली मजुरी कुणी धरत नाही. विद्यावेतन दीड-दोन महिन्यांनी जमा होणार आणि भाडं आज सकाळी द्यायचंय, हे गणित ज्या घरात हातावर पोट आहे तिथे बसत नाही. पहिला हप्ता पहिल्याच आठवड्यात द्या, छोटा असला तरी. खातं तिच्या स्वतःच्या नावावर हवं आणि ते चालू आहे की नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच तपासा.

आणि दर महिन्याला ठरावीक दोन-तीन दिवसांची गैरहजेरी दिसली तर संडास बघून या. तीस मुली, एक संडास, पंधरा मिनिटांची सुट्टी. प्रत्येकीला तीन मिनिटं धरली तरी दीड तास होतो. परिणामी मुली पाणीच पीत नाहीत, आणि वेल्डिंगच्या उकाड्यात चक्कर येते. जागतिक आरोग्य संघटनेचं शाळांसाठीचं प्रमाण 25 मुलींमागे एक संडास असं आहे. आतून लागणारी कडी, पाणी, दिवा आणि झाकणाची बादली असली पाहिजे, आणि ही सोय वर्कशॉपच्या जवळ हवी.

एक गळती मात्र हजेरीपटावर दिसतच नाही: मुलगी रोज येते आणि शिकत नाही. एका यंत्रावर पाच जण असले की दोन मुलगे यंत्र धरतात, एक बाजूला उभा राहतो आणि मुली रीडिंग लिहितात. वर्षाअखेर जर्नल सुरेख, हात कोरे. म्हणून प्रॅक्टिकलला दोघांचेच गट करा, दर वीस मिनिटांनी काम बदला आणि कुणी किती वेळ प्रत्यक्ष हत्यार धरलं याची नोंद ठेवा. परीक्षा एकेकट्याची घ्या. मल्टिमीटर हातात दिला की पाच मिनिटांत कळतं: करंट मोजायला मल्टिमीटरच्या तारा (प्रोब) सर्किटच्या मध्ये जोडायच्या सोडून समांतर लावून फ्यूज उडवणाऱ्याने ते काम आधी कधी स्वतः केलेलंच नसतं, मग तो मुलगा असो की मुलगी.

शाळा मध्येच सुटलेल्या मुलींसाठी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे उजळणीला ठेवावेत. अपूर्णांक, दशांश, एककं, आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) वाचणं. 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या व्हर्नियरवर मुख्य पट्टीचे 49 भाग सरकत्या पट्टीच्या 50 भागांत बसवलेले असतात. हे फळ्यावर पाठ करून घेतलं की विसरतं, पत्र्याचे तुकडे मोजून घेतलं की राहतं. उजळणी गाळून थेट ड्रॉइंगवर उडी मारणाऱ्या केंद्रात तिसऱ्या आठवड्यात बाकं रिकामी होतात आणि खापर ‘बेसिक कच्चं’ यावर फुटतं.

‘शिवणकाम, ब्युटिशियन बरं’

शिवणकामाला कमी लेखायचं कारण नाही. औद्योगिक शिलाई यंत्र, ओव्हरलॉक, पॅटर्न कटिंग, कापडाचा हिशेब हे सगळं अस्सल तांत्रिक कौशल्य आहे. अडचण पुरवठ्याची आहे. एकाच वस्तीत दरवर्षी तोच तीन महिन्यांचा कोर्स चालवला की गिऱ्हाईक तेवढंच आणि शिवणाऱ्या तिप्पट. मग शिलाईचा दर पडतो. युगांडात कंपालामधल्या छोट्या उद्योगांवरचा जागतिक बँकेचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांची समजल्या जाणाऱ्या कामांत शिरलेल्या बायका तिथल्या पुरुषांइतकंच कमावत होत्या, आणि ‘बायकी’ धंद्यांत राहिलेल्या बायकांच्या तिप्पट. त्या कौशल्यात इतरांहून सरस होत्या असंही नाही. फरक पडला तो माहितीने आणि हात धरून आत नेणाऱ्या ओळखीच्या माणसाने. त्या माणसांत पुरुषही होते. आपण काय कमावू शकलो असतो, याचा अंदाजच उरलेल्यांपैकी बहुतेकींना नव्हता.

कोर्स निवडायची सोपी रीत: कुठल्या दुरुस्तीसाठी लोकांना थांबावं लागतं किंवा वस्तू बाहेर पाठवावी लागते, त्याची यादी करा. पंप मोटर, फ्रीज, सोलर इन्व्हर्टर, दुचाकी, जे निघेल ते.

‘मोबाइलवर शिकता येतं’

सिद्धांत येतो, हात येत नाही. आर्कचा आवाज बरोबर आहे की फुसफुसतोय, हे शेजारी उभा असलेलाच सांगू शकतो. शिवाय घरातला एकुलता फोन मुलीच्या वाट्याला किती आणि किती वाजता येतो, हा प्रश्न आहेच. व्हिडिओ द्यायचेच तर केंद्रावर उतरवून घेता येतील असे, पाच मिनिटांच्या आतले द्या.

‘लग्न झालं की फुकट’

शिकलेला मुलगा गाव सोडून गेला, धंदा बदलून बसला, तर त्याचं शिक्षण फुकट गेलं असं कुणी म्हणत नाही. मुलींच्या बाबतीत दोन व्यवस्था कराव्यात. कोर्सचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचं वेगळं प्रमाणपत्र द्यावं, म्हणजे खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात नको. आणि केंद्रावर पाळणाघर हवं. लायबेरियात तरुण मुलींसाठीच्या कार्यक्रमात प्रशिक्षणाच्या जागी मुलं सांभाळायची सोय होती. तिथे रोजगार 47 टक्क्यांनी आणि कमाई 80 टक्क्यांनी वाढल्याचं मूल्यमापनात दिसलं.

‘नोकरी देणार कोण?’

निम्मा खरा मुद्दा हाच. 2017 मध्ये जागतिक बँकेतले अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी विकसनशील देशांतल्या अशा कार्यक्रमांचा आढावा घेतला, तेव्हा नुसत्या व्यवसाय प्रशिक्षणाने रोजगारात पडणारा फरक सरासरी शंभरामागे जेमतेम दोघांचा निघाला. हा आकडा स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे, म्हणजे ‘मुली नकोत’ याचा तो पुरावा होत नाही. वर्गात कोंडून शिकवून मग नोकरी शोधा म्हणणारी पद्धत कुचकामी आहे, याचा मात्र होतो. कोलंबियात तीन महिने वर्ग आणि तीन महिने प्रत्यक्ष कंपनीत उमेदवारी (काम करत शिकणं) अशी जोडणी होती. तिथे प्रशिक्षणाची संधी मिळालेल्या स्त्रियांची कमाई 19.6 टक्क्यांनी वाढली.

म्हणून उमेदवारीची जागा कोर्स सुरू होण्याआधी ठरवा, लेखी. कोणती कामं शिकवणार, कुणाच्या हाताखाली, तास किती, तक्रार कुणाकडे, हे त्यात हवं. एका ठिकाणी एकटीला पाठवू नका, निदान दोघी असू द्या. पंधरा दिवसांनी जाऊन बघा: हातात पाना आहे की झाडू. झाडू असेल तर जागा बदला, मुलीला ‘ॲडजस्ट कर’ सांगू नका.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘80 टक्के मुलींना नोकरी’ किंवा उलट ‘एकीलाही नाही’ असं म्हणालं तर छेद विचारा, म्हणजे ‘कितींपैकी?’ समजा प्रवेश 40, कोर्स पूर्ण 22, सहा महिन्यांनी फोन लागला 15 जणींचा, त्यांपैकी कामावर 12. पत्रकात 15 पैकी 12, म्हणजे 80 टक्के छापलं जातं; 40 पैकी 12 म्हणजे 30 टक्के. पहिल्या आकड्याने कार्यक्रम आहे त्याहून यशस्वी दिसतो. दुसऱ्यातल्या उरलेल्या 28 जणींचं काय झालं, हे प्रत्येकीच्या नावापुढे सोडल्याचा आठवडा आणि कारण लिहिलेलं असेल तरच सांगता येतं.