नगरपालिकेला पेशंटमागे दीड लाख मिळत नव्हते

नगरपालिकेचं राजकारण तापलं की खान्देशातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोरोनाकाळातला एक मेसेज पुन्हा वर येतो. गावाचं नाव बदलतं, मजकूर तोच. थोडक्यात असा: प्रत्येक पॉझिटिव्ह पेशंटमागे पालिकेला केंद्राकडून दीड लाख मिळत होते, म्हणून धडधाकट माणसं पॉझिटिव्ह दाखवली, बाजार पालिकेनेच बंद पाडला, मेलेल्यांच्या दाखल्यावर कोरोना लिहिलं नाही आणि वारसांचे पन्नास हजार खाल्ले, घरपट्टी माफ झाली होती, तरी वसूल केली, फेरीवाल्यांचे पैसे आपल्या माणसांत वाटले. शेवटी मोठ्या अक्षरांत ‘हिशेब मागा’.

हिशेब मागायलाच हवा. पण जो पैसा पालिकेकडे आलाच नाही त्याचा मागत बसलो, तर जो खरोखर द्यायला हवा तो कोणी विचारत नाही. मी तापीकाठच्या एका लहान शहरात शिक्षक आहे, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी फिरलो आहे. या मेसेजने काय केलं ते दारात उभं राहून पाहिलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी दीड लाखाचा. अशी योजना केंद्राचीही नव्हती, राज्याचीही नव्हती. दीड लाख हा आकडा होता महात्मा फुले जनआरोग्य योजनेत: एका कुटुंबाला वर्षभरात मिळणाऱ्या उपचारांची ती तेव्हाची कमाल मर्यादा. मे २०२० मध्ये राज्य सरकारने ही योजना रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्यांना लागू केली. त्यातले पैसे योजनेत असलेल्या रुग्णालयाला, ठरलेल्या उपचाराच्या दराने मिळत. पालिकेचा त्यात हात नव्हता. स्वॅब घेणारं ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचं, तपासणारी प्रयोगशाळा सरकारी. सुरुवातीला तर जळगाव जिल्ह्यातले नमुने धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात जायचे. पालिकेला वित्त आयोगाचं अनुदान मिळतं, पण ते पेशंट मोजून मिळत नाही.

आता आकड्यांकडे बघा. २०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यात नोंद झालेल्या रुग्णांपैकी दहा टक्क्यांहून जास्त माणसं दगावत होती. देशाचा दर तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास होता. धडधाकट माणसं पॉझिटिव्ह दाखवली असती, तर ती मेली नसती आणि मृत्यूचा दर खाली आला असता. इथे उलट झालं. पेशंट कमी सापडत होते, आणि सापडत होते ते शेवटच्या घटकेला. बाहेरून माणूस आणून बसवावा लागेल इतके रुग्ण कमी नव्हतेच. जे घरात होते तेच बाहेर येत नव्हते.

ते का येत नव्हते, हे मला एका ओसरीवर कळलं. घरातल्या बाईंनी ‘ताप कोणालाच नाही’ असं सांगितलं आणि आतून खोकला ऐकू आला. बरीच विनवणी केल्यावर सासऱ्यांना बाहेर आणलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ८४ च्या वर जाईना. दवाखान्यात न्यायला हवं म्हटल्यावर घरातल्या तरुण मुलाने पहिला प्रश्न विचारला तो हा, की नाव लिहिल्याचे तुम्हाला किती मिळणार? त्याच्या मोबाइलवर तो दीड लाखाचा मेसेज होता. म्हातारबाबा दुसऱ्या दिवशी गेले. त्या मुलाला मी दोष देत नाही, तो घाबरलेला होता. पण हा मेसेज आजही जो पुढे ढकलतो त्याने एवढं लक्षात ठेवावं, की खोट्या पेशंटांची गोष्ट ऐकून खऱ्या पेशंटांनी दारं लावून घेतली होती.

बाजार बंद करण्याचा मुद्दा लवकर संपतो. टाळेबंदीचे आदेश साथरोग कायदा १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ यांखाली निघत होते, आणि जिल्ह्यात ते अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. जुलै २०२० मध्ये ७ ते १३ तारखेपर्यंत जळगाव, भुसावळ आणि अमळनेर शहरं कडक बंद ठेवली, तोही जिल्हाधिकाऱ्यांचाच आदेश. बांबू बांधायला आणि दंडाची पावती फाडायला पालिकेचे कर्मचारी दिसत, म्हणून राग त्यांच्यावर निघाला. त्यातले कित्येक सफाई कामगार मास्कच्या जागी रुमाल बांधून प्रतिबंधित गल्ल्यांत कचरा उचलत होते.

दाखल्याचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण त्यापायी कित्येक घरांचं नुकसान झालं. मृत्यूची नोंद पालिका करते, दाखलाही तीच देते. पण जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार नातेवाइकांना मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापता येत नाही. कोरोनाच नव्हे, कुठलंच. कारण लिहिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र वेगळं असतं आणि ते डॉक्टर देतो. ‘दाखल्यावर कोरोना नाही, म्हणजे पैसे गेले’ असं समजून कित्येकांनी अर्जच केला नाही. खरं तर सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ ला स्पष्ट सांगितलं होतं, की दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्या कारणाने मदत नाकारता येणार नाही. तपासणी पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो धरायचा, आणि वाद असेल तर तक्रार निवारण समितीकडे जायचं. पन्नास हजार राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, ऑनलाइन अर्जावर, थेट वारसाच्या बँक खात्यात जमा होत होते. ते पालिकेच्या तिजोरीत आलेच नाहीत, तर पालिका खाणार कशी? जुन्या मृत्यूंसाठी अर्जाची मुदत मे २०२२ मध्ये संपली. ज्या विधवा बायका तोपर्यंत ‘पैसे खाल्ले’ असं ऐकून घरी बसल्या, त्यांचे पैसे या मेसेजने बुडवले असं मी म्हणतो.

पालिकेला इथे एक प्रश्न जरूर विचारता येतो. दाखला घ्यायला येणाऱ्या प्रत्येक घराला पालिका ओळखत होती. त्या खिडकीवर अर्जाची माहिती देणारा एक कागद चिकटवायला काय हरकत होती? आमच्याकडे तो लागला नाही.

घरपट्टी माफ झाली नव्हती. राज्याने सरसकट माफीचा आदेश काढला नव्हता, आणि पालिकेला मनाने करमाफी देता येत नाही. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची माफी मुंबईची आहे, आपली नाही. खरी तक्रार वेगळी आहे. थकलेल्या घरपट्टीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस. टाळेबंदीत ज्याचं दुकान बंद होतं त्याच्याही बाकीवर ती चढत राहिली. ती कमी करण्याची वाट नगरपालिकांच्या कायद्यात २०२५ मध्ये कुठे निघाली. इतकी वर्षं का लागली, हे आमदारांना विचारा.

आता फेरीवाले. ‘आपल्या माणसांत वाटले’ हे खोटं आहे, पण या एका मुद्द्याखाली खरं दुखणं दडलेलं आहे. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधीचं दहा हजारांचं कर्ज बँक मंजूर करत होती आणि ते अर्जदाराच्याच खात्यात पडत होतं. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने जाहीर केलेले दीड हजार रुपये नोंदणीकृत फेरीवाल्यांसाठी होते. म्हणजे पैसा पालिकेच्या हातात नव्हता, पण यादी पालिकेच्या हातात होती. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने सर्वेक्षण करणं, ओळखपत्र देणं आणि शहर फेरीवाला समिती नेमणं हे पालिकेचंच काम आहे. महामारी आली तेव्हा ज्याचं नाव यादीत होतं त्याला काही मिळालं, ज्याचं नव्हतं तो कोरडाच राहिला.

आमच्या बाजारात पोत्यावर भरताची वांगी घेऊन बसणाऱ्या एक आजी आहेत. जवळच्या खेड्यातून पहाटे येतात, अकराच्या आत माल संपवून परत जातात. सर्वेक्षणवाले दुपारी आले आणि उभ्या हातगाड्या मोजून गेले. “मन्हं नाव यादीमा नही शे, सर,” असं म्हणत त्यांनी कनवटीची पिशवी उलटी केली. आत बाजार वसुलीच्या पावत्या होत्या, दोऱ्यात ओवलेल्या, काहींवरची शाई घामाने पसरलेली. प्रत्येकीवर पालिकेचा शिक्का. जागेचं भाडं घेताना पालिकेला त्या रोज दिसत होत्या, यादी करताना दिसल्या नाहीत. सर्वेक्षणात सुटलेल्याला, अगदी आसपासच्या खेड्यातून येणाऱ्यालाही, पालिका शिफारसपत्र देऊ शकते अशी सोय स्वनिधीत पहिल्यापासून होती. ते त्यांना कोणी सांगितलंच नाही. त्या वर्षी त्यांनी कानातलं मोडलं.

पालिकेने चोरी केली असं मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा नाही. तिने आपल्या माणसांची नोंद ठेवली नाही, आणि हे दाखवायला त्या पावत्या पुरे आहेत.

२०२१ च्या अखेरीपासून बहुतेक पालिकांवर प्रशासक बसले, त्यामुळे विचारायला नगरसेवकही नव्हते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर आता सभागृह आहे. तिथे विचारायचे प्रश्न असे: फेरीवाला समितीची शेवटची बैठक कधी झाली? नवं सर्वेक्षण केलं का, आणि ते सकाळी केलं की दुपारी? बाजार वसुलीच्या ठेकेदाराकडे ज्यांच्या पावत्या फाटतात त्यांतले किती जण यादीत आहेत? आपला नगरसेवक विचारत नसेल तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावरही ही उत्तरं मागता येतात. स्वनिधीची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढली आहे, पहिलं कर्ज आता पंधरा हजारांचं आहे. आजींचा शिफारसपत्राचा अर्ज पावत्या जोडून पालिकेत दिला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.