तांत्रिक खंड

भूगर्भशास्त्रात खंड म्हणजे आशिया, आफ्रिका वगैरे. तो वर्षाला काही सेंटिमीटर का होईना, पण सरकतो. आस्थापना विभागात खंड म्हणजे नेमणूक तुटलेली असते तो काळ, एप्रिलअखेर ते जुलैअखेर, आणि हा तसूभरही सरकत नाही. मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात, भू व पर्यावरण विज्ञान विभागात, तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, शिकवतो. आजच्या काळात तत्त्वावर जगणारी माणसं उरली नाहीत म्हणतात. आमच्या विभागात आम्ही चौघं आहोत.

विभाग एक असला तरी चुली दोन. प्राध्यापक व्हायला लागणारी नेट परीक्षा भूशास्त्राची असेल तर सीएसआयआरची, पर्यावरणाची असेल तर यूजीसीची. माझ्याकडे पहिली आहे. त्यामुळे कुठल्याही कॉलेजात जागा निघाली की ती नेमकी पर्यावरणाची असते, आणि शेजारी बसणाऱ्या पर्यावरणवाल्या मित्राच्या मते ती नेमकी भूशास्त्राची असते. दोघंही एकाच जाहिरातीबद्दल बोलत असतो की काय, अशी मला अलीकडे शंका येते.

मुळात या वाटेला मी लागलो त्याला कारण किल्लारी. आमचं गाव औसा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून निजलेली, आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. पुढचं सांगत नाही. आमच्याकडे ते सगळ्यांना पाठ आहे. मी पहिलीत होतो. काही दिवसांनी गावात जीप आली, तीतून यंत्रं घेतलेले लोक उतरले. आजीनं त्यांना चहा दिला आणि विचारलं, "आता पुन्हा कधी व्हायचा म्हनं?" त्यातले टोपीवाले साहेब शांतपणे म्हणाले, "आजी, सांगता येत नाही." जीपमधून यायचं, चहा प्यायचा, 'सांगता येत नाही' म्हणायचं आणि त्याचा पगार घ्यायचा! हे काम मला तेव्हाच पसंत पडलं. आता माझा पगार कधी होणार असं घरी कुणी विचारलं की मीही त्या साहेबांच्याच सुरात उत्तर देतो. जीपची जागा एसटीनं घेतली, एवढाच काय तो फरक.

दर जुलैत मुलाखत होते. गेली सात वर्षं मी एकच फाइल घेऊन जातो. तिचा कोपरा इतका झिजलाय की वाऱ्यानं होणाऱ्या झिजेचा नमुना म्हणून ती प्रयोगशाळेत ठेवता येईल. शिपाईमामा मला बघून म्हणतात, "आलात का? मग पावसाळा लागला म्हणायचा." आत विचारतात, "अनुभव किती?" सात वर्षं, म्हणावं तर समोरचे सर मान हलवतात. "सलग?" सलग नाही. दर वर्षी मध्ये तांत्रिक खंड. "मग तसा धरता येत नाही."

आमच्या शास्त्रात असं चालत नाही हो. सगळा मराठवाडा ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो डेक्कन ट्रॅप, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा एकदम आला नाही, थरांनी आला. एक थर आला, थंड झाला, मग ज्वालामुखी गप्प. त्या गप्प काळात वरचा खडक उन्हापावसानं कुजला, त्याची माती झाली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजून लाल केली. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथं काळ्या थरांच्या मधे विटकरी पट्टा दिसतो, तो हा. रेड बोल म्हणतात त्याला. तो दिसला की आम्ही मुलांना हटकून थांबवतो आणि सांगतो, बघा, इथं ज्वालामुखीनं विश्रांती घेतली होती. म्हणजे ज्वालामुखी काही न करता बसला होता तो काळही आम्ही इमानानं नोंदवून घेतो. मी दोन-तीन महिने नुसता कुजतो, मग जुलैत वरून ऑर्डर येऊन मला भाजून काढते, त्याची मात्र कुठंच नोंद नाही. मला उभा कापला तर सात काळे थर आणि सहा लाल पट्टे निघतील.

आता बिलाचं सांगतो. बिल हा आमचा खरा फील्डवर्क. मागच्या डिसेंबरात मुलांना घेऊन घाटात गेलो होतो, तीन दिवस. ब्रंटन कंपास, हातोडे, भिंगं, आणि एका मुलाला उलट्या. सकाळी सातला डोंगर चढायचा, संध्याकाळी सहाला उतरायचं. एका पोराला खडकाच्या पोकळीत झिओलाइट या खनिजाचे पांढरे सुईसारखे स्फटिक सापडले, तर त्यानं ते आधी चाटून बघितले. शिकवलेलं वाया जात नाही ते असं. परत आल्यावर बिल लावलं. लेखा विभागातून ते आठवड्याभरात परत आलं, शेरा मारून: 'वर्गखोली क्रमांक नमूद नाही.'

मी गेलो. मॅडम सभ्य होत्या.

"सर, रकाना कोरा आहे ना."

"मॅडम, तास डोंगरावर झाले."

"ते बरोबर आहे. पण कुठल्या खोलीत?"

मी विचार करून रकान्यात लिहिलं, 'घाट, दुसरे वळण, लाल पट्ट्यापाशी.' पुढच्या आठवड्यात शेरा आला: 'सदर खोली अभिलेखात आढळून येत नाही.' शेवटी विभागप्रमुखांनी तोडगा काढला. तीन दिवसांची सहल प्रात्यक्षिक म्हणून दाखवली, प्रयोगशाळेत, टेबल क्रमांक 2 वर. प्रात्यक्षिकाचा दर तासिकेपेक्षा कमी. सबंध घाट असा एका टेबलावर आला, आणि तेही सवलतीत.

हे सगळं एप्रिलअखेर संपतं आणि मी गावी जातो. गावात माझी किंमत वेगळी. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हापासून जमिनीखालचं कळणारा माणूस म्हणजे देवच. थोरल्या चुलत्यांना बोअर घ्यायचा होता. आबा म्हणाले, "तू तर जमिनीचाच मास्तर. सांग, कुठं पाडू?"

मी शेत फिरलो. विहिरीचे कठडे बघितले, ओढ्यात उतरलो. मग समजावलं, "आबा, वर मुरूम, खाली कठीण पाषाण. पाषाणात पाणी राहत नाही. ते राहतं भेगांत, नाहीतर दोन थरांच्या सांध्यात. त्या हिशेबानं खालच्या बांधाकडं, ओढ्यालगत शक्यता जास्त वाटते."

"शक्यता नगं. लागंल का न्हाई?"

"सांगता येत नाही."

आबांनी पाणाड्याला बोलावलं.

पाणाडी आला तो मोटारसायकलवर. डोक्याला टॉवेल, खिशात नवाकोरा मोबाइल. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतभर चालला, अनवाणी, डोळे मिटून. ढेकळात एकदाही अडखळला नाही, हे मी स्वतः पाहिलं. मधेच ओढ्यापाशी थांबून त्यानं विहिरीचा कठडा एक डोळा उघडून बघून घेतला, हेही पाहिलं. खालच्या बांधापाशी नारळ उभा राहिला. मी दाखवलेल्या जागेपासून चार पावलांवर. मशीन आलं, रात्रभर घरघरलं, एकशे ऐंशी फुटांवर गढूळ लाल पाणी उसळलं. मी ओरडलो, "आबा, रेड बोल! दोन थरांचा सांधा!" आबा नारळाच्या पाया पडत होते.

पाणाड्यानं दोन हजार एक रुपये मोजून घेतले, जागेवर, रोख. माझ्या दोन तासिकांहून जास्त, आणि खोली क्रमांक कुणी विचारला नाही. जाताना तो माझ्याजवळ आला.

"गुर्जी, तुमी त्या कठड्यात काय बघत हुता?"

मी सांगितलं. थर, सांधा, भेगा, सगळं. त्यानं नीट ऐकून घेतलं, कुठल्याही वर्गानं ऐकलं नसेल असं. मग म्हणाला, "लई कामाचं हाय हे. सुट्टीत माझ्यासंगं या की. तुमी आदी गुपचूप बगून सांगायचं, नारळ मी धरतो. निम्मं निम्मं."

मी जरा वेळ गप्प राहिलो. मग सवयीनं विचारलं, "किती महिन्यांची ऑर्डर?"

"आर्डर कशाची? जोवर पाणी हाय तोवर."

"मध्ये खंड?"

"पावसाळ्यात दोन म्हैने. तवा कोन बोअर पाडतंय?"

पावसाळ्यात मी मोकळा नसतो. जुलैत मुलाखत असते. दोन्हींचा मेळ अगदी दिवसावर दिवस जमत होता. मी त्याला म्हटलं, फाइल घेऊन येतो.