जिप्सी घेताना आधी खाली वाका

जुनी मारुती जिप्सी, म्हणजे मारुतीची फोर बाय फोर जीप, घेताना आधी इंजिन पाहा, असं एका लेखात म्हटलंय. मी म्हणतो, आधी गाडीखाली झोपा! इंजिन काय, बांधून मिळतं. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, सडलेली असेल तर पैसे मातीत.

मी अंबाजोगाईकडचा. माझी २००३ ची, म्हणजे १३०० सीसी, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली). विकणाऱ्यानं खालून जाड काळा रंग मारून दिला होता. मीही भुललो. पहिल्या पावसाळ्यानंतर मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशी, म्हणजे पाटा चेसिसला अडकतो तिथं, रंगाचे पोपडे निघाले अन् आत गंज. वेल्डिंगवाल्याकडं तीन दिवस गेले. म्हणून सोबत छोटी हातोडी न्या, ठोकून बघा. आवाज बद्द आला की उठा तिथून.

दुसरं, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, चालतंय का ते डांबरावर तपासू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा मधला डिफरन्शियल हिच्यात नाही, त्यामुळं कोरड्या रस्त्यावर वळताना सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढं-मागं जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. नांगरलेल्या रानात न्या. आधी पुढच्या चाकांच्या मधली हब हातानं फिरवून लॉक करा, नाहीतर गियर पडूनही पुढची चाकं ढिम्म. पुढच्या नकलमधून (चाक वळतं त्या सांध्यातून) ग्रीस गळत असेल, स्टीअरिंग थडथडत असेल, तर भाव पाडून मागा.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथं १५ वर्षांवरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली. पण एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.

मायलेजचं विचारू नका, बायको वाचतेय. पण जुलैत काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला तेव्हा डबा घेऊन ही जिप्सीच पोचली.